खालची पट्टी

१

आमच्या गल्लीत कशालाही न घाबरणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. गल्लीत जाऊन विचारू नका, तिथं हे कुणालाच माहीत नाही. कुत्र्यांना मी भितो, दातांच्या डॉक्टरला भितो, आणि आमच्या आत्याला तर ती गेल्यावरही भितो. तेवढं सोडलं तर मी वाघ.

शिक्षण सातवी. मी शाळा सोडली असं घरचे सांगायचे. शाळेला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आम्हीच सोडला. पुढं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शब्द लोकांचे, अक्षर माझं. त्यामुळं मला वाचता कमी येतं आणि अक्षर ओळखता जास्त येतं. कुणी घाईत लिहिलंय, कुणी रमतगमत, कुणी दुसऱ्याची नक्कल मारलीय, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. ही विद्या ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. मला नाही आली.

बाकी वेळ खोड्या. कुणाच्या चपला बदल, कुणाच्या पाठीला कागद चिकटव. मला सगळे उपद्या म्हणतात. हे नाव आत्यानं ठेवलं आणि ते मी आयुष्यभर मन लावून चालवलं.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी अक्का. शिवणाच्या वर्गात शिकवून निवृत्त झाली. तिचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही. दोघं शेजारशेजारच्या गल्ल्यांत एकेकटे राहतो आणि रोज संध्याकाळी एकमेकांकडे भांडायला जातो. ती नसेल तर मला तोंडावर मूर्ख म्हणणारं या जगात कुणी उरणार नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, चढून बसेल.

२

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. इस्पितळात चाळीस वर्षं नर्स होती. नवरा नाही, मूल नाही, तीन खोल्या आणि सामान. इतकं सामान की भिंतींनी अंग चोरलं होतं.

इस्पितळात वस्तू पळवतात, म्हणून तिला एक सवय लागलेली. जखमेवर कापूस धरून ठेवायला लावतात ती पांढरी चिकटपट्टी. तिचा रोल ती ओढायची, चर्र. दातानं तोडायची, टक. वस्तूच्या बुडाला लावून अंगठ्यानं तीनदा दाबायची. मग जांभळी पेन्सिल जिभेला लावून पट्टीवर लिहायची: 'माझं'. बशीखाली, कात्रीच्या कडीवर, खाटेच्या पायाला. तिची जीभ कायम जांभळी असायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, सगळ्या नर्सांची तशीच असते.

सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलो की आम्हालाही पट्टी. मानेवर, केसांच्या खाली, एकेक. परत निघायच्या दिवशी ती खसकन ओढायची आणि म्हणायची, "जा, दिलं परत." डोळ्यांत टचकन पाणी यायचं. तिला हसू यायचं.

शेवटच्या सुट्टीत तिनं आईजवळ अक्काला मागितलं. "तुला दोन आहेत, एक मला दे." जशी काही वाटी मागतेय. आई नाही म्हणाली. त्या दिवशी आत्यानं माझी पट्टी काढली, अक्काची काढली नाही. आईनं ती घरी आल्यावर तेल चोळून चोळून काढली. त्यानंतर आम्ही तिच्याकडे राहायला गेलो नाही.

म्हातारपणी तिनं कुणाला न विचारता वाटणी केली. 'माझं' वर दुसरी पट्टी लावली. काहींवर 'अक्काला', काहींवर 'उपद्याला'. मग गेली. घरमालकानं महिनाअखेरीस किल्ली मागितली, आणि आम्ही दोघं त्या सामानापुढं उभे राहिलो.

३

लोखंडी खाट. काचेचं कपाट, एक काच फुटकी. एनॅमलची टवके उडालेली घमेली. बंद पडलेली तीन घड्याळं, तिन्ही वेगवेगळ्या वेळी हटून बसलेली. पायाच्या शिवणयंत्राचा नुसता सांगाडा. रबरी चादरींची चळत, एकमेकींना चिकटलेली. वर चढायचं तीन पायऱ्यांचं लाकडी स्टूल.

"यातलं मला काही नको," मी म्हणालो.

"मला तरी कुठं हवंय," अक्का म्हणाली. "पण तिनं नावानं दिलंय रे. दिलेलं टाकायचं कसं?"

"हातानं."

"तोंड बंद ठेव. बाई मरताना आपली आठवण काढून पट्ट्या लावत बसली होती."

तीन दिवस हाच घोळ. वस्तू उचलायची, उलटी करायची, आपलं नाव वाचायचं, पुन्हा जागेवर ठेवायची. चौथ्या दिवशी मला माझ्या बुद्धीचा अभिमान वाटावा अशी कल्पना सुचली. माझ्या अशा कल्पनांचा इतिहास बघता तेव्हाच घरी जायला हवं होतं.

मी स्टूल उलटं केलं, 'उपद्याला' ही वरची पट्टी नखानं सोलली. खाली तिची जुनी पट्टी शाबूत होती. पिवळी पडलेली, पण अक्षर ठळक. 'माझं'.

"बघ," मी अक्काला म्हणालो, "हे माझं नाहीच. तिचंच आहे. आपण आपली वस्तू टाकत नाही, तिची तिला परत करतोय."

अक्कानं वाकून पट्टी वाचली. मग हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "वकील व्हायला हवा होतास. तुरुंगात तरी गेला असतास."

मग काय, मला चेव आला. संध्याकाळपर्यंत घरभर फिरून मी एकूण एक वरची पट्टी सोलली. सोललेल्यांचा लिंबाएवढा गोळा झाला. शेवटची वस्तू संपली तरी हात शिवशिवत होते. अक्का वाकून घमेली रचत होती. शिवण करून करून तिची मान धरते, म्हणून ती मानेवर औषधाची पट्टी लावते, औषधाच्या दुकानात मिळते ती. अंबाड्याखाली ती चौकोनी पट्टी दिसली आणि मला राहवलं नाही.

"बघू, खाली काय लिहिलंय," म्हणत मी ती खसकन ओढली.

अक्का कळवळली. पाठीत एक धपाटा दिला. मानेवर नुसता लाल चौकोन होता, बाकी काही नाही. मी पोट धरून हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

४

दुसऱ्या दिवशी टेंपोवाला आला. सामान जुन्या वस्तूंच्या गोदामात जाणार होतं, ज्याला हवं त्यानं न्यावं. टेंपोवाला खाट आडवी करताना थांबला.

"काका, सगळ्याच्या खाली 'माझं' लिहिलंय. कुणाचं?"

"जो वाचेल त्याचं."

"मग मी वाचलं नाही," तो म्हणाला आणि खाट खांद्यावर घेतली. हुशार माणूस. त्याला सातवीच्या पुढं शिकवलं असणार.

दुपारपर्यंत खोल्या मोकळ्या. फरशीवर खाटेच्या पायांचे चार काळे ठिपके, कपाटाच्या जागी भिंतीवर उजळ चौकोन. रिकाम्या घरात आवाज मोठे होतात. मी खोकलो तरी तिसऱ्या खोलीतून कुणीतरी उत्तर दिल्यासारखं व्हायचं. झाडलोट, डाग पुसणं, मालकाला घर दाखवणं, एवढं उरलं होतं. त्यासाठी आम्ही रोज दुपारी यायचो.

तिसऱ्या दिवशी निघताना माझी छत्री सापडेना. दाराशी ठेवली होती. शोधत शोधत आत्याच्या खोलीत गेलो तर तिथं, दारामागच्या खिळ्याला, जिथं तिची छत्री असायची तिथं टांगलेली. मी काढून घेतली. मुठीला काहीतरी लागलं.

पांढरी पट्टी. कडा घट्ट बसलेल्या, पिवळेपणा नाही. 'माझं'.

मी आधी हसलो. पन्नास वर्षांनी का होईना, अक्कानं एकदा तरी माझ्यावर डाव उलटवला. मोठ्या कौतुकानं छत्री घेऊन तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघराची फरशी घासत होती.

"झकास," मी म्हणालो. "रोल कुठून आणलास?"

"कसला रोल?"

"आता पुरे कर."

"उपद्या, मी गुडघ्यावर बसून फरशी घासतेय आणि तुला खेळ सुचतोय. ती पट्टी तूच लावलीस आणि तूच दाखवायला आणलीस."

अक्काला खोटं बोलता येत नाही. लहानपणी तिच्या याच अवगुणापायी मी किती मार खाल्ला आहे.

घरी जाऊन पट्टी दिव्याखाली धरली. माझी विद्या कामाला लावली. नक्कल करणाऱ्याचा हात जपून चालतो, रेघ सगळीकडे सारखी पडते. इथं 'म' च्या सुरुवातीला रंग गडद होता आणि 'झ' पर्यंत फिका होत गेला होता. पेन्सिल जिभेला लावून लगेच लिहिलं की असंच होतं. मी बोट फिरवलं. बोट जांभळं झालं. अक्षर अजून ओलं होतं.

५

मी माझ्या बुद्धीला म्हटलं, बाई, काहीतरी बोल. ती म्हणाली, दमट हवा आहे. मी म्हटलं, ठीक.

मग अक्काच्या चष्म्याचं घर. मग माझा पाण्याचा तांब्या. मग तिची घर झाडायची केरसुणी. सगळ्यांना पट्ट्या, सगळ्या आत्याच्या खोलीत, सगळ्या आपापल्या जागी. म्हणजे आमच्या जागी नव्हे, तिच्या. तांब्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, चष्म्याचं घर उशाशी असायचं तिथं, फरशीवर. चोर न्यायला येतो, इथं कुणीतरी मांडामांड करत होतं.

अक्का रोज माझ्यावर चिडायची, आणि मी रोज कमी हसत होतो.

एका दुपारी जरा आडवा झालो. आडवा होताना मी कवळी काढून रुमालात ठेवतो. उठलो, रुमाल जागेवर नव्हता. आत्याच्या खोलीतल्या कोनाड्यात, जिथं तिचा दातांचा पेला असायचा, तिथं मिळाला. अक्का हाक मारत होती, घाईत कवळी तोंडात बसवली आणि बाहेर आलो. तोंडात कडू, औषधी चव. टाळ्याला काहीतरी चिकटलेलं. जिभेनं उकरत अक्कापुढं उभा राहिलो.

"तोंड उघड," ती म्हणाली. "जीभ बाहेर काढ."

मी काढली. तिचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. आरसा म्हणून तिनं पाण्याची बादली पुढं सरकवली. माझी जीभ जांभळीजर्द होती.

"आता बोल," अक्का म्हणाली. "म्हणे मी लिहीत नाही. मेलेल्या बाईची पेन्सिल चाटत बसलायस. लाज वाटत नाही?"

मी कवळी काढली, वरच्या बाजूची पट्टी सोलून दाखवली. रंग तिथून उतरला, असं समजावलं. कवळीशिवाय समजावणं म्हणजे काय ते ज्याला कवळी आहे त्यानंच जाणावं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक मला जन्मभर म्हणत आले, त्या दिवशी ते शब्दशः झालं आणि कुणाला पटलं नाही.

खरं सांगतो, मलाही स्वतःची खात्री वाटेना. शाळेला दांड्या मारायला आत्याच्या अक्षरात आजारपणाच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो. झोपेत हात चालला असेल का? मी घरभर ती पेन्सिल शोधली, माझेही खिसे उलटे केले. ना पेन्सिल, ना रोल. सोललेल्या पट्ट्यांचा तो गोळा तेवढा खिडकीत होता. पहिल्यापेक्षा लहान दिसला. मी मोजमाप केलं नव्हतं.

६

अक्का तिथं झोपायला लागली होती, हे मला उशिरा कळलं. दुपारचंच फक्त, असं ती म्हणाली. "माझ्या घरावर वरच्या मजल्याचं काम चाललंय, दिवसभर ठोकाठोक. इथं किती शांत आहे." सतरंजी आणली होती. ती कुठं पसरली होती, ते मी पाहिलं. फरशीवरच्या चार काळ्या ठिपक्यांच्या बरोबर मध्ये.

"दुसऱ्या खोलीत टाक ना," मी म्हणालो.

"का?"

आजवर शंभर खोटी कारणं दिलेली, त्यामुळं एक खरं द्यायला तोंड उरलं नव्हतं.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला मी पोहोचलो. बाहेर लख्ख ऊन, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं. दार नुसतं लोटलेलं. आत्याच्या खोलीच्या चौकटीत येऊन उभा राहिलो. अक्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेली. श्वास संथ. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे मी नीट बघितलं, कोपरा न् कोपरा, कारण बघायला तिथं काही नव्हतंच.

चर्र.

अगदी जवळ. माझ्या आणि तिच्या मध्ये कुठंतरी.

टक.

मग अक्काचा अंबाडा हलला. वाऱ्यानं हलतो तसा नव्हे. वर उचलला गेला, हळूच, बेतानं, जशी आपण एखादी वाटी तिरपी करतो, बूड बघायला. खालची मान उघडी पडली. आणि तिथली कातडी अंगठ्याएवढी आत दबली. सुटली. दबली. सुटली. पुन्हा दबली.

अंबाडा खाली आला. त्याच्याखालून पांढरी कड दिसत होती.

अक्का झोपेत म्हणाली, "हं." कुणी पांघरूण घातल्यावर म्हणतात तसं.

मी काय केलं? वाघानं काय केलं? वाघ चपला न घालता जिना उतरला आणि स्कूटरवाल्याला ढकलायला मदत करत चांगला दहा मिनिटं उभा राहिला.

७

पण पळून पळून जाणार कुठं? आमचं भांडण रोजचं, त्याला सुट्टी नाही.

रात्रभर विचार केला. तिची रीत तिला लागू. तिनं 'माझं' लिहिलं तरी वर दुसरी पट्टी लागली की वस्तू त्याची होते. रीत मोडली मी, वरच्या सोलून. खालच्या उघड्या पडल्या. अक्काच्या मानेवरचीही मीच ओढली होती, हसत हसत. तेव्हा उपायही तोच.

सकाळी औषधाच्या दुकानातून रोल आणला. पाट्या रंगवून हयात गेली, पण स्वतःचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. साध्या पेनानं, माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: 'उपद्याला'. मग गोदामात गेलो. माझ्या वाटणीचं सामान परत मागितलं. अक्काला घेऊन बाकीचं नाकारता येत नाही असं मला आतून वाटत होतं. बहुतेक वस्तू लोकांनी नेल्या होत्या. तीन पायऱ्यांचं स्टूल मिळालं. ते घरी आणून ठेवलं.

दुपारी अक्काला म्हणालो, "मान धरलीय ना? आण, पट्टी लावून देतो."

"तू?" तिनं संशयानं बघितलं. पण मान खरंच धरली असावी. तिनं अंबाडा वर धरला आणि डोकं वाकवलं. पांढऱ्या केसांखाली ती होती. सरळ, घट्ट, तीन दाबांची. जांभळ्यात 'माझी'. घाईघाईनं मी माझी पट्टी तिच्यावर तिरकी लावली. तशी पाटी कुणा गिऱ्हाईकाला दिली असती तर त्यानं परत पाठवली असती. एकदाच दाबली. मनात म्हटलं, घेतली.

पुढचे दोन दिवस काही झालं नाही. पट्टी नाही, आवाज नाही. मी शिट्टी वाजवत जिने चढलो.

महिनाअखेरीला किल्ली द्यायची होती. अक्का आत्याच्या खोलीत सतरंजीवर बसलेली होती. माझा तांब्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, चष्म्याचं घर उशाशी, केरसुणी दारामागं. मी म्हटलं, "चल, आवर. मालक खाली आलाय."

"आला होता. बोलले मी त्याच्याशी," ती म्हणाली. "मी इथंच राहते. माझी खोली सोडून देते."

"इथं?"

"का, काय वाईट आहे? सगळं जागच्या जागी आहे."

मी तिच्यापुढं उकिडवा बसलो. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा, हसण्याचा भाग नसलेलं वाक्य मी तिच्याशी बोललो. सगळं सांगितलं. अंबाडा, अंगठा, तीनदा. गोदाम, स्टूल. आणि म्हणालो, "खाली काय लिहिलंय ते राहू दे, अक्का. वर माझं नाव आहे. तिनं दिली नसेल, पण मी घेतलीय. तू माझ्याकडं चल."

ती मानेकडे हात नेत शांतपणे म्हणाली, "ती तिरकी होय? ती मी परवाच अंघोळीला सोलली, खाजत होती. आणि मला नेऊन करणार काय तू, उपद्या? तुला दिलेलं आजवर काही ठेवून घेतलंयस?"